अडुळशाचा अर्क म्हणजे कोणता?

एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून गेले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. समोर मुलगा किंवा मुलगी, टेबलावर सोनेरी अक्षरांची बांधीव प्रत आणि शीर्षकात ‘अडुळशाच्या अर्काची जंतुरोधक क्षमता’ असं काहीतरी. मी विचारते, “अर्क कोणता?”

“अडुळशाचा, मॅडम.”

“ते वाचलं मी. पण कोणता?”

थोडा वेळ शांतता. मग, “मिथेनॉलचा.”

“मिथेनॉलचाच का?”

इथे बहुतेकांची गाडी अडते. आदल्या वर्षीच्या सीनियरने मिथेनॉल वापरलं होतं आणि बाटलीत अजून अर्धं शिल्लक होतं, हे खरं उत्तर कुणी देत नाही. मुलांना तरी काय बोलायचं? आम्हीही असंच शिकलो. एका झुडपाच्या पानांना नेमकं काय विचारायचं आणि ते कोणत्या भाषेत विचारायचं, हे न ठरवताच यंत्रं चालू करायची सवय आम्हीच त्यांना लावली. ती सवय थोडी मोडावी म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे. सगळं पुस्तक एकाच झुडपावर आहे, आणि ते मुद्दाम तसं ठेवलं आहे.

‘अर्क’ हा शब्दच घोटाळ्याचा. रुईच्या झाडालाही अर्क म्हणतात, आणि एखाद्या इरसाल माणसाला आपण “काय अर्क आहे!” म्हणतो ते तर सोडूनच द्या. जुन्या वैद्यकात अर्क म्हणजे ऊर्ध्वपातन करून, म्हणजे वाफ धरून थंड केलेलं पाणी. रावणाच्या नावावर असलेला ‘अर्कप्रकाश’ हा ग्रंथ अशाच अर्कांचा. प्रयोगशाळेत मात्र आम्ही कोणत्याही द्रावकात वनस्पती भिजवून किंवा उकळून, गाळून, आटवून जो चिकट काळपट गोळा उरतो त्याला अर्क म्हणतो. वैद्यांच्या भाषेत हा ‘घना’च्या, म्हणजे आटवून घट्ट केलेल्या काढ्याच्या, जवळचा. या पुस्तकात शब्द रूढ झाला तसाच वापरला आहे, पण दर वेळी त्याच्या मागे द्रावकाचं नाव लावलं आहे. वाचणाऱ्याला कंटाळा येईल, पण त्याला इलाज नाही.

आमच्या घरी अडुळशाचा रस काढायचं काम आईचं. कच्ची पानं खलबत्त्यात कितीही कुटली तरी रस म्हणावा तसा सुटत नाही, हिरवा चोथा होतो आणि हात कडू होतात. म्हणून ती पानं धुऊन भाताच्या वाफेवर ठेवायची, नाहीतर केळीच्या पानात पुरचुंडी बांधून निखाऱ्याच्या कडेला सरकवायची. पानं मऊ पडून काळसर हिरवी झाली की फडक्यात घालून पिळायची. मग रस पडायचा, गडद आणि दाटसर. त्यात मध घालून चमचा पुढे यायचा. नाक दाबून घेतला तरी कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला बराच वेळ राहायचा. याला ‘पुटपाक’ म्हणतात आणि शार्ङ्गधरसंहितेत त्याची रीत सांगितली आहे, हे मला पुढे नोकरीला लागल्यावर कळलं. आईला तो शब्द माहीत नव्हता. कृती मात्र तिची बिनचूक होती.

आता हे आमच्या प्रयोगशाळेच्या शेजारी ठेवून पाहा. आई ताजी पानं घ्यायची, आम्ही सावलीत आठवडाभर वाळवून मिक्सरमध्ये पूड करतो. तिच्या रसात पाणी होतं तेवढं पानातलंच, आमच्या चंचुपात्रात मिथेनॉल. तिच्या रसात मध, आमच्या नमुन्यात डीएमएसओ हे द्रावक. म्हणजे शेकडो वर्षं लोक जे प्यायले ते आम्ही तपासत नाही, आणि आम्ही जे तपासतो ते आजवर कुणी प्यायलेलं नसतं. तरी प्रबंधाच्या पहिल्या पानावर ‘आयुर्वेदात पूर्वापार वापर’ आणि शेवटच्या पानावर ‘त्यामुळे या वापरास शास्त्रीय आधार मिळतो’ अशी दोन वाक्यं असतातच. मधला पूल कुणी बांधलेला नसतो. द्रावक म्हणून मिथेनॉल वाईट आहे असं मी म्हणत नाही. पानातले बरेच घटक ते एका झटक्यात बाहेर काढतं, पहिल्या चाचपणीला ते सोयीचं आहे. पण शेजारी एक पाण्याचा काढा आणि एक पुटपाकाचा रस ठेवायला काय हरकत आहे? खर्च तर काहीच नाही.

झुडपाची ओळख थोडक्यात करून देते. कुळ कोरांटी आणि अबोलीचं. पानं समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखी, वितीएवढी लांब. फुलं पांढरी, दोन ओठांची, घशात जांभळट रेघा. जबडा उघडल्यासारखं फूल म्हणून संस्कृतात ‘सिंहास्य’, शिवाय वासा, वृष, वाजिदंत, आटरूषक. आपला ‘अडुळसा’ या शेवटच्या नावातून घरंगळत आला. लिनियसने 1753 साली त्याला ‘जस्टिसिया अधातोडा’ म्हटलं. त्यातला ‘अधातोडा’ दक्षिणेकडच्या नावावरून आला आणि त्याचा अर्थ शेळीसुद्धा ज्याला तोंड लावत नाही ते, असा सांगतात. आमच्या कुंपणापुरती तरी ही गोष्ट खरी आहे. जुन्या शोधनिबंधांत हेच झुडूप ‘अधातोडा व्हासिका’ आणि ‘अधातोडा झेलॅनिका’ या नावांनीही येतं. संदर्भ शोधताना तिन्ही नावं टाकली नाहीत तर निम्मं काम हातातून निसटतं.

बाजारातून ‘अडुसा’ म्हणून आणलेल्या पाल्यात महारुखाची पानं मिसळलेली निघू शकतात. चुरा झाला की डोळ्यांना फरक कळत नाही, तिथे सूक्ष्मदर्शक लागतो. अडुळशाच्या पानाची साल सोलून काचपट्टीवर ठेवली की प्रत्येक पर्णरंध्राला आडव्या बसलेल्या दोन पेशींनी मिठी मारलेली दिसते. शिवाय चुनखडीचे लांबट खडे दिसतात, त्यांना सिस्टोलिथ म्हणतात. दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता पुढे तीन महिने त्या पुडीवर चाचण्या करणारे लोक मी पाहिले आहेत.

या पानात काहीतरी जहाल आहे, हे रसायनशास्त्रज्ञांच्या आधी शेतकऱ्यांना ठाऊक होतं. भाताच्या खाचरात हिरवळीचं खत म्हणून हा पाला टाकला की पाण्यातलं तण आणि बारीक जीव मरतात, हे अनुभवाचं होतं. उटकमंडला सिंकोनाच्या कामावर असलेले डेव्हिड हूपर यांनी 1888 साली या पानांतून एक अल्कलॉइड वेगळं काढलं आणि ‘वासा’वरूनच त्याला ‘व्हॅसिसीन’ नाव दिलं. पुढे हूपर, मुंबईचे विल्यम डायमॉक आणि वॉर्डन या तिघांनी मिळून ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ लिहिला. तो 1890 ते 1893 या काळात प्रसिद्ध झाला. आजही आमच्या विषयात हा ग्रंथ हाताशी ठेवावा असा आहे. माणसं चौकस होती, गावोगावच्या वापराची नोंद करताना तिला नाकही मुरडत नव्हती आणि डोक्यावरही घेत नव्हती. हरमलाच्या बियांत सापडलेलं पेगॅनीन म्हणजे हेच व्हॅसिसीन, हे नंतर उलगडलं.

सुक्या पानात व्हॅसिसीन साधारण अर्धा ते दोन टक्के. पण ते स्वस्थ बसत नाही. हवा आणि उजेड लागला की त्याचं हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन व्हॅसिसिनोन तयार होतं. म्हणजे ताजं पान, सावलीत वाळवलेलं पान, आणि दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षभर पडलेली पूड यांत अडुळसा एकच असला तरी आतला मालमसाला वेगळा. ‘कोणता अर्क’ या प्रश्नाला इथे आणखी एक शेपूट फुटतं: कधी तोडलेल्या पानाचा, आणि किती दिवस ठेवलेल्या?

द्रावकांचं प्रकरण पुस्तकात सर्वांत लांब झालं आहे, त्याबद्दल माफी मागत नाही. सॉक्स्लेटचं उपकरण मला अजूनही पाहत बसावंसं वाटतं. फ्रान्झ फॉन सॉक्स्लेटने 1879 साली ते मांडलं, ते दुधातली चरबी मोजायला. आज जगभरच्या वनस्पतीविभागांत ते पाला उकळतं. खाली द्रावक उकळतं, वाफ वर चढते, थंड होऊन पुडीवर टपटप पडते, मधली नळी काठोकाठ भरली की सगळा हिरवा द्रव सायफनने एकदम खाली उतरतो. पुन्हा पहिल्यापासून. पेट्रोलियम ईथर घातलं तर मेण, तेल, हरितद्रव्य येतं. क्लोरोफॉर्ममध्ये मोकळी अल्कलॉइडं येतात. मिथेनॉलमध्ये जवळजवळ सगळी जत्रा. मिळालेल्या अर्कात अल्कलॉइड आहे का हे बघायला ड्रॅगेनडॉर्फचे थेंब टाकायचे. नारिंगी गाळ बसला की मुलांचे चेहरे उजळतात. पण नारिंगी गाळ म्हणजे व्हॅसिसीनच असं नाही, हेही तेव्हाच सांगावं लागतं. पुढे प्रमाणित व्हॅसिसीन शेजारी ठेवून टीएलसी पट्टी चालवावी लागते.

माझी स्वतःची फजिती इथे सांगून टाकते. एम.एस्सी.ला असताना कागदाच्या सहा मिलिमीटरच्या चकत्या मी अडुळशाच्या मिथेनॉल अर्कात बुडवून स्टॅफिलोकॉकसच्या पेट्रीडिशमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती 14 मिलिमीटरचं स्वच्छ वर्तुळ. फूटपट्टी घेऊन धावत सरांकडे गेले. त्यांनी डिश उजेडासमोर धरली आणि एवढंच विचारलं, “नुसतं मिथेनॉल लावलंस?” लावलं नव्हतं. चकत्या पुरत्या वाळूही दिल्या नव्हत्या. पुन्हा केलं, तर नुसत्या मिथेनॉलच्या ओल्या चकतीभोवती 12 मिलिमीटर. माझा अडुळसा दोन मिलिमीटरवर आला, आणि तो फरक फूटपट्टी धरणाऱ्या हाताचाही असू शकत होता. ती डिश मी बरीच वर्षं टेबलाच्या खणात ठेवली होती. वास यायला लागल्यावर टाकली.

वर्तुळाच्या चाचणीतली दुसरी गोम अशी की आगारमधून सगळेच रेणू सारखे पसरत नाहीत. तेलकट, बोजड रेणू चकतीपाशीच बसून राहतात. ते निकामी म्हणून वर्तुळ लहान येतं, की त्यांना चालता येत नाही म्हणून, हे वर्तुळ पाहून कळत नाही. म्हणून द्रवात पातळ करत करत जंतूची वाढ थांबवणारी किमान मात्रा काढावी, आणि ती मिलिग्रॅममध्ये लिहावी.

ती लिहिली की एक हिशेब पाटीवर करून पाहायचा. समजा, किमान मात्रा आली मिलिलिटरला 5 मिलिग्रॅम. पुष्कळ प्रबंधांत असे आकडे ‘उत्तम परिणाम’ म्हणून मिरवतात. माणसाच्या अंगात रक्त साधारण 5 लिटर. नुसत्या रक्तात ही मात्रा गाठायची तर 25 ग्रॅम अर्क. पुडीतून वीस टक्के अर्क निघतो असं धरलं, तर 125 ग्रॅम सुका पाला, म्हणजे अर्धा किलोहून जास्त ताजी पानं. तीही आतड्यातून सगळीच्या सगळी रक्तात उतरली आणि यकृताने त्यांना हातच लावला नाही असं धरून. वैद्य अडुळशाचा स्वरस देतात तो 10 ते 20 मिलिलिटर. एवढं फळ्यावर मांडलं की वर्गात कुणीतरी हसतंच, आणि तिथून पुढे तो वर्ग ‘उत्तम परिणाम’ हे शब्द जपून वापरतो.

अँटिऑक्सिडंट गुण मोजायला वापरतात त्या डीपीपीएच चाचणीबद्दल माझी तक्रार जुनी आहे. 1958 पासून वापरात असलेली ही चाचणी देखणी आहे: जांभळं द्रावण, त्यात अर्काचे थेंब, अर्ध्या तासात ते पिवळं, 517 नॅनोमीटरला वाचन, संपलं. चहा टाकला तरी पिवळं होतं, डाळिंबाची साल टाकली तरी होतं. डीपीपीएच हा रेणू आपल्या शरीरात कुठेच नसतो. या चाचणीने पाल्यात फिनॉलवर्गीय द्रव्यं भरपूर आहेत एवढं कळतं, ‘कर्करोगावर उपयुक्त’ असं काही कळत नाही. पेशींवरच्या एमटीटी चाचणीतही असाच सापळा आहे. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मझान करतात, म्हणून जांभळं जास्त म्हणजे पेशी जिवंत. पण वनस्पतीचे काही अर्क पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात. पेशी न घातलेला एक खळगा ठेवला तर हे पकडता येतं. तो ठेवायचं राहून जातं.

खोकल्याकडे वळते, कारण अडुळसा शेवटी खोकल्याचा. 1999 साली पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधून प्रसिद्ध झालेल्या कामात गिनीपिगना चिडवणारा फवारा देऊन खोकला आणला होता. तोंडावाटे दिलेल्या अडुळशाच्या अर्काने तो जवळपास कोडीनच्या तोडीने दबला. शिरेतून देऊन इतर प्रकारे आणलेल्या खोकल्यावर मात्र तोच अर्क कोडीनच्या विसाव्या ते चाळिसाव्या हिश्श्याएवढाच ठरला. दोन्ही आकडे एकाच निबंधात आहेत. उद्धृत होतो तो बहुधा पहिला.

याहून मोठा धक्का व्हॅसिसिनोनने दिला. 1959 साली ‘नेचर’मध्ये ते श्वासनलिका रुंद करणारं द्रव्य म्हणून आलं. पुढे तपासणी झाली तेव्हा काचपात्रात टांगलेल्या ऊतीवर ते नलिका सैल करत होतं, पण जिवंत जनावरात उलट ती आवळत असल्याची नोंद झाली. तेच द्रव्य, दोन ठिकाणी दोन तऱ्हा. परीक्षेला एकच प्रश्न विचारायची मुभा असती, तर हे असं का होऊ शकेल, एवढंच मी विचारलं असतं.

मग अडुळशातून औषध निघालं की नाही? निघालं, पण वेगळ्या वाटेने. व्हॅसिसीनचा सांगाडा डोळ्यांपुढे ठेवून रसायनशास्त्रज्ञांनी नवे रेणू जुळवले, त्यांतलं ब्रोमहेक्झिन 1963 साली बोह्रिंगर इंगेलहाइमने बाजारात आणलं. ब्रोमहेक्झिनचं शरीरात जे रूपांतर होतं त्यातून अँब्रॉक्सॉल मिळालं. कफ पातळ करणाऱ्या कुठल्याही सिरपच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, दोघांपैकी एक बहुतेक वेळा सापडेल. 1996 साली क्षयाच्या जंतूंवर हे दोन्ही रेणू तपासले गेले आणि आम्लतेनुसार कमीजास्त प्रमाणात जंतूंची वाढ रोखताना दिसले. अडुळसा क्षयावर द्यायची रीत किती जुनी, हे वैद्यांना सांगायला नको. त्याही पुढची गोष्ट अशी की गोशे या आनुवंशिक आजारात अडखळणाऱ्या एका विकराला अँब्रॉक्सॉल आधार देतं असं 2009 साली दिसलं, आणि 2020 साली लंडनच्या संशोधकांनी ते कंपवाताच्या रुग्णांना देऊन पाहिलं. सतरा रुग्ण, प्लासिबोचा गट नाही, दिवसाला 1.26 ग्रॅम मात्रा. खोकल्याला आपण दिवसाला 90 मिलिग्रॅम घेतो, त्याच्या चौदा पट. औषध मेंदूभोवतीच्या द्रवात पोचतं एवढं नक्की झालं. कंपवातावर ते चालतं की नाही, हे त्या अभ्यासातून ठरणार नव्हतं आणि त्या लोकांनी तसा दावाही केला नाही. विद्यार्थ्यांना निष्कर्ष कसा लिहावा हे दाखवायला मी तो निबंध वापरते.

एक इशारा या पुस्तकात ठळक अक्षरांत छापायला सांगितला आहे. व्हॅसिसीन गर्भाशय आकुंचित करतं. जम्मूच्या तेव्हाच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत यावर बरंच काम झालं आणि प्रसूतीसाठी औषध म्हणूनही त्याचा विचार झाला होता. घरगुती आहे, परसातलं आहे म्हणून गरोदर बाईला अडुळशाचा रस पाजू नये. आमच्याकडे ओल्या बाळंतिणीला तो देत, पोटुशीला देत नसत. कारण कुणी सांगितलं नव्हतं, पण बंदी कडक होती.

या पुस्तकात रोगांची यादी नाही, ‘हे घ्या म्हणजे बरं वाटेल’ नाही. ज्यांना ते हवं आहे त्यांनी डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ उघडावा. मराठीत तसं दुसरं पुस्तक व्हायचं आहे. इथे फक्त एका झुडपाची पानं तोडण्यापासून ते निष्कर्षाचं शेवटचं वाक्य लिहिण्यापर्यंतचं काम आहे, चुकांसकट. भाषा प्रयोगशाळेत बोलतात ती ठेवली आहे. ‘चंचुपात्र’ लिहिलं आहे तिथे ‘बीकर’ वाचलं तरी चालेल, आम्ही बीकरच म्हणतो.

पुस्तकातल्या सगळ्या चाचण्यांसाठी पानं माझ्या घराच्या कुंपणातली घेतली. ओळख पक्की करून घ्यायला पहिली फांदी ऑगस्टमध्ये हर्बेरियमकडे पाठवली, तर ती परत आली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘फुलं नाहीत. फुलल्यावर पाठवा.’ सहकारी वैतागले. पावसाळ्यात पानं भरदार होती, पूड तयार होती, सॉक्स्लेट रिकामं होतं. थांबलो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कुंपण पांढरं झालं, मधमाश्या घोंगावायला लागल्या. दोन फुललेल्या फांद्या वर्तमानपत्रात दाबून पाठवल्या, नमुन्याला क्रमांक मिळाला. ऑगस्टची पूड टाकून दिली आणि पानं नव्याने तोडली. पहिलं प्रकरण त्या दिवसापासून सुरू होतं.